बंब येईपर्यंत

रायपूर शहराच्या गुढियारी भागात, कोटा रस्त्याच्या बाजूला, राज्याच्या वीज वितरण कंपनीचे एक विस्तीर्ण भांडार होते. गावोगावी बसवायचे ट्रान्सफॉर्मर तेथे उघड्यावर ओळींनी मांडून ठेवलेले असत. ५ एप्रिल २०२४ रोजी, भर उन्हाळ्यातील एका शुक्रवारी, या भांडारात आग लागली. ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असते. आतील तारांची वेटोळी थंड राहावीत आणि त्यांचा एकमेकींशी विद्युत्संपर्क येऊ नये, यासाठी ते भरलेले असते. आगीने हे तेल तापू लागले आणि एकामागून एक ट्रान्सफॉर्मर फुटू लागले. काळ्या धुराचा स्तंभ शहराच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसत होता. लगतच्या वस्तीतील लोकांना घरे सोडून दूर जावे लागले. रायपूरचे बंब अपुरे पडू लागले, तेव्हा इतर ठिकाणांहूनही बंब मागवण्यात आले. आग आटोक्यात यायला अनेक तास लागले.

या आगीत एक गोष्ट बघ्यांनाही चमत्कारिक वाटली असेल. बंबांमध्ये पाणी होते, पण निव्वळ पाण्याने भागत नव्हते. पेटलेल्या तेलावर पाण्याचा झोत सोडला, तर पाणी जड असल्यामुळे तेलाखाली जाते. तेथील उष्णतेने त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ वरचे जळते तेल चारी दिशांना उडवते. आग विझण्याऐवजी पसरते. म्हणून तेलाच्या आगीवर फेस मारावा लागतो. साबणासारखे एक द्रव्य पाण्यात मिसळून आणि त्यात हवा घालून हा फेस तयार करतात. तेलाच्या पृष्ठभागावर त्याचा थर गोधडीसारखा पसरला, की खालच्या ज्वालेला हवा मिळेनाशी होते आणि तेल हळूहळू निवते.

आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायू. या तिन्हींपैकी एक काढून घेतली, की आग जगू शकत नाही. पाणी उष्णता काढून घेते, फेस प्राणवायू तोडतो आणि पेटलेल्या गंजीशेजारची गंजी ओढून दूर केली, की जळणारा पदार्थच संपतो. अग्निशमनाचे सारे शास्त्र या साध्या हिशोबावर उभे आहे. मात्र कोणत्या आगीत कोणती गोष्ट काढून घ्यायची, हे घटनास्थळी पोहोचल्याबरोबर ओळखावे लागते. लाकूड, कापड, कागद यांच्या आगीवर पाणी उत्तम. चालू विजेच्या तारांवर पाणी मारले, तर झोताच्या वाटेने वीज जवानाच्या हातापर्यंत येऊ शकते; तेथे आधी वीजपुरवठा बंद करायचा आणि कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी भुकटी वापरायची. वितळलेल्या लोखंडाच्या जवळ तर पाण्याचा थेंबही धोक्याचा, कारण त्याची वाफ होताना स्फोट होतो. रायपूरच्या जवानांना हा शेवटचा नियम पाठ असावा लागतो. त्याचे कारण शहराच्या उत्तरेला आहे.

रायपूर मुळात तळ्यांचे गाव. बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध ही नावे अजून शहराच्या नकाशावर आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत आणि पुढे इंग्रजांच्या काळात हे गाव वाढले. या जुन्या नात्यामुळेच तात्यापारासारख्या मोहल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. जुन्या गावाची घरे मातीच्या भिंतींची आणि कौलारू छपरांची, बाजार गोलबाजार आणि सदरबाजार यांच्या चिंचोळ्या गल्ल्यांत. तळे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे घागरींची रांग लावून आग विझवणे शक्य होते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले आणि शहराने कात टाकली. उत्तरेला उरला आणि सिलतरा येथे लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. त्यांच्या आधाराने बिरगाव हे उपनगर इतके वाढले, की तेथे वेगळी महानगरपालिका झाली. दक्षिण-पूर्वेला माना येथे विमानतळ आहे आणि त्याच्याही पलीकडे नवा रायपूर हे नियोजित राजधानीचे नगर. गोलबाजारातील कापडाचे दुकान, सिलतऱ्यातील भट्टी, तांदूळ गिरणीतील कोंड्याचा ढीग आणि नव्या वस्तीतील बहुमजली इमारत ही सारी एकाच अग्निशमन सेवेच्या जबाबदारीत येतात.

कोंड्याची आग तर विशेष फसवी असते. ढिगावर पाणी मारले, की वरचा थर भिजतो, ज्वाळा दिसेनाशा होतात आणि आग विझली असे वाटते. आत मात्र कोंडा धुमसत राहतो. ढीग फावड्यांनी किंवा यंत्राने पसरून, थर उलटेपालटे करून भिजवावा लागतो. धानाच्या पेंढ्याच्या, म्हणजे छत्तीसगढी लोक ज्याला ‘पैरा’ म्हणतात त्याच्या, गंजीचेही तसेच. अशा एका आगीत बंब दिवसभर अडकून पडू शकतो, आणि त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या भागातून वर्दी येते.

‘वर्दी’ हा अग्निशमन दलातील खास शब्द. मराठी भाषक अग्निशामक आगीची खबर मिळाली, की ‘वर्दी आली’ असे म्हणतो. मराठीत आग विझवणाऱ्या गाडीला आपण ‘बंब’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे मानतात आणि न्हाणीघरातील पाणी तापवण्याच्या तांब्याच्या भांड्यालाही तोच शब्द आहे. आग विझवणारा आणि पोटात आग घेऊन बसलेला, दोघेही बंबच! रायपूरच्या रस्त्यावर मात्र याच गाडीला ‘दमकल’ म्हणतात. मराठी घरातले मूल घरी बंब म्हणते आणि शाळेत दमकल.

ही सेवा कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात सगळीकडे सारखे नाही. राज्यघटनेच्या १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदलेले आहे. महाराष्ट्रात आजही बहुतेक ठिकाणी ही सेवा महानगरपालिका आणि नगरपालिकाच चालवतात. रायपूरमध्येही अनेक वर्षे ती महानगरपालिकेकडे होती. या व्यवस्थेत एक अडचण असते. श्रीमंत शहराला चांगले बंब परवडतात. शेजारच्या लहान नगराला एक जुनी गाडीही सांभाळणे जड जाते. आग तर नगराची हद्द पाहून लागत नाही. छत्तीसगढने २०१८ मध्ये अग्निशमन आणि आपत्कालीन सेवेचा स्वतंत्र कायदा केला आणि ही सेवा टप्प्याटप्प्याने राज्याच्या गृह विभागाखालील नगर सेनेच्या महासंचालनालयाकडे आणली. आता नगर सेना, नागरी संरक्षण आणि अग्निशमन ही तिन्ही कामे एका छत्राखाली चालतात.

नगर सेना म्हणजे गृहरक्षक दल, होमगार्ड. या दलाची सुरुवात डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत झाली. दंगलींच्या त्या काळात पोलिसांना मदत करण्यासाठी नागरिकांमधूनच स्वयंसेवक उभे करण्यात आले होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्याची देशभर नव्याने बांधणी झाली. पूर, मेळे, निवडणुका यांत हे जवान आधीपासून काम करत होते. त्यामुळे अग्निशमनाची जबाबदारी त्यांच्या संघटनेकडे देण्यात एक व्यावहारिक शहाणपण आहे, यात शंका नाही. मात्र गर्दीत दोर धरून उभे राहणे आणि धुराने भरलेल्या जिन्यात शिरणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसरे कौशल्य वर्षानुवर्षांच्या कवायतीशिवाय येत नाही, आणि केवळ विभाग बदलल्याने ते मिळत नाही.

अग्निशमन केंद्राला माणसे किती लागतात, याचा अंदाज सामान्य नागरिकाला सहसा नसतो. एका बंबावर साधारणपणे सहा जण असतात: एक पथकप्रमुख, एक चालक आणि चार अग्निशामक. चालकाचे काम गाडी पोहोचवून संपत नाही. घटनास्थळी पंप तोच चालवतो, म्हणून त्याला चालक-यंत्रचालक म्हणतात. आता हिशोब करून पाहा. केंद्र चोवीस तास उघडे. आठ तासांची एक पाळी धरली, तर आठवड्यात एकवीस पाळ्या होतात. एक माणूस आठवड्यात सहा पाळ्या काम करतो. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे आणि सहा जागांसाठी एकवीस माणसे लागतात. त्यात आजारपण, रजा आणि प्रशिक्षण मिळवले, की एका बंबामागे पंचवीसच्या आसपास माणसे हवीत. बंब विकत घेणे ही एकदाची गोष्ट आहे. छायाचित्रे निघतात, नारळ फुटतो, बातमी येते. पंचवीस माणसांचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो, आणि खरी कमतरता तेथेच राहते. केंद्रीय गृह मंत्रालयासाठी झालेल्या देशव्यापी पाहणीतही केंद्रे, वाहने आणि मनुष्यबळ या तिन्ही बाबतींत मोठी तूट दिसून आली होती. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना सुरू केली. गाड्या आणि केंद्रे यांतून उभी राहतील. त्यांत बसणारी माणसे राज्यांनाच नेमावी लागतील.

बंबातील पाण्याचाही असाच हिशोब आहे. नेहमीच्या बंबात साडेचार हजार लीटर पाणी मावते. त्याचा पंप पूर्ण जोराने चालवला, तर मिनिटाला सव्वादोन हजार लीटर पाणी फेकू शकतो. म्हणजे पूर्ण जोराने सोडले, तर टाकी दोन मिनिटांत रिकामी! प्रत्यक्षात एकच नळी, तीही बेताने चालवून, हे पाणी आठ-दहा मिनिटे पुरवतात. तेवढ्यात दुसरा बंब किंवा पाण्याचा टँकर येऊन जोडला गेला पाहिजे. मुंबईसारख्या जुन्या शहरांत रस्त्यांवर पाण्याचे लोखंडी जलस्तंभ बसवलेले होते. त्यांतील कित्येक आज निकामी आहेत. जेथे ते नाहीत किंवा चालत नाहीत, तेथे विहिरी, टाक्या आणि तळीच कामाला येतात. रायपूरच्या जुन्या तळ्यांचा हा उपयोग शहर सुशोभित करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तळ्याभोवती फिरण्याची वाट जरूर असावी, पण बंब काठापर्यंत जाईल एवढे एक प्रवेशद्वारही असावे.

वेळेची गोष्ट याहून बिकट. टिकरापारा येथील अग्निशमन केंद्र जुन्या शहराला जवळ आहे. तेथून सिलतऱ्यापर्यंतचे अंतर पंधरा किलोमीटर धरा. भरधाव म्हटले, तरी गर्दीतून बंब ताशी चाळीस किलोमीटरच्या सरासरीने गेला, तर साडेबावीस मिनिटे लागतात. बंद खोलीत लागलेली आग तेवढा वेळ थांबत नाही. प्रथम एक गादी किंवा पडदा पेटतो. तापलेला धूर छताखाली साचत जातो. त्याचे तापमान सुमारे सहाशे अंशांवर गेले, की खोलीतील उरलेल्या सर्व वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतात. आजच्या घरातील फोम आणि प्लास्टिकच्या सामानामुळे हा क्षण काही मिनिटांतच येऊ शकतो. त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत राहू शकत नाही. म्हणूनच औद्योगिक वसाहतींजवळ वेगळे केंद्र आणि कारखान्यांचे स्वतःचे बंब ही गरज ठरते.

अग्निशमनाचे शिक्षण घेण्यासाठी रायपूरच्या माणसाला फार दूर जावे लागत नाही. रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटरवर नागपूर आहे आणि तेथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे ते सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपूरला आले. देशभरातील दलांचे अधिकारी येथे घडतात. अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही येथे मिळते. तेथील विद्यार्थ्याला पुस्तकाबरोबर पाण्याने भरलेली जड नळी खांद्यावर घेऊन धावावे लागते, शिडीवरून माणूस पाठीवर घेऊन उतरावे लागते आणि काळोखात, धुरात, केवळ हाताच्या स्पर्शाने भिंतीकडेने वाट काढावी लागते. २००२ मध्ये नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी या पदवीसाठी प्रवेश घेतला. तोवर तेथे सारे विद्यार्थी पुरुष होते. त्या भारतातील पहिल्या महिला अग्निशमन अभियंता ठरल्या. त्यांच्यासाठी नळीचे वजन कमी करण्यात आले नव्हते.

अग्निशमन दल फक्त आग विझवते, ही समजूत जुनी झाली. पावसाळ्यात खारून नदीला पूर आला, विहिरीत कोणी पडले, अपघातात चेपलेल्या मोटारीत माणूस अडकला, भिंत कोसळली, झाडाची फांदी तारांवर पडली, अशा साऱ्या प्रसंगी ही सेवा बोलावली जाते. पतंगाच्या मांज्यात अडकलेल्या पक्ष्यासाठीही शिडी लावावी लागते. संकटकाळी बचावाचे काम किती चिवट असते, हे छत्तीसगढने जून २०२२ मध्ये पाहिले. जांजगीर-चांपा जिल्ह्यातील पिहरीद गावात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उघड्या कूपनलिकेत पडला आणि सुमारे साठ फुटांवर अडकला. त्याला ऐकता-बोलता येत नव्हते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, राज्याचे आपत्ती दल, लष्कर आणि जिल्हा प्रशासन यांनी कूपनलिकेला समांतर खोल खड्डा खणला आणि तळाशी आडवा बोगदा काढायला घेतला. वाटेत कठीण खडक लागला. मोठी यंत्रे लावली, तर हादऱ्याने नळीतील माती मुलावर पडेल. म्हणून अखेरचे अंतर बेताबेताने कापावे लागले. शंभर तासांहून अधिक काळाने मूल जिवंत बाहेर आले. कूपनलिकेचे तोंड झाकायला एक लोखंडी झाकण पुरले असते.

मदत मागण्याचा मार्ग पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. १०१ हा अग्निशमनाचा जुना क्रमांक बहुतेकांना पाठ असतो. छत्तीसगढमध्ये २०१८ पासून पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी ११२ हा एकच क्रमांक चालतो. ‘एक्के नंबर, सब्बो बर’, म्हणजे एकच क्रमांक, सर्वांसाठी, असे त्याचे छत्तीसगढी घोषवाक्य आहे. वर्दी देणाऱ्याने काय सांगावे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. घाबरलेला माणूस ‘आग लागली, लवकर या’ एवढेच म्हणून फोन ठेवतो. दलाला हवे असते ते नेमके ठिकाण, जवळची ओळखीची खूण, काय जळते आहे, कोणी आत अडकले आहे का आणि गल्लीत मोठी गाडी शिरेल का. ही माहिती मिळाली, तर केंद्रातून निघतानाच योग्य गाडी निघते. फेस हवा होता आणि पाणी आले, असे होत नाही.

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ मध्ये याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि त्यांच्याबरोबर सुमारे चौदाशे टन स्फोटके. मुंबई अग्निशमन दलाचे जवान दुपारपासून पाण्याचा मारा करत होते. सायंकाळी चारच्या सुमारास जहाजाचा प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. दलाचे सहासष्ट जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. जवान शाळा, रुग्णालये, कारखाने आणि बाजारपेठा यांत जातात, प्रात्यक्षिके दाखवतात, पत्रके वाटतात.

याच सप्ताहात, १७ एप्रिल २०२१ रोजी, रायपूरच्या पचपेडी नाका भागातील एका खासगी रुग्णालयात आग लागली. करोनाची दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती. अतिदक्षता विभाग रुग्णांनी भरलेला होता. पाच रुग्ण दगावले, बाकीच्यांना घाईघाईने इतरत्र हलवावे लागले. टिकरापाऱ्याचे केंद्र तेथून काही फार दूर नाही. परंतु मरण पावलेल्यांपैकी बहुतेकांचा जीव ज्वाळांनी गेला नव्हता. धुराने गुदमरून गेला होता.

या प्रसंगातून अग्निशमनातील सर्वांत कमी समजलेली गोष्ट पुढे येते. आगीत बळी जातात ते बहुधा धुराचे. प्लास्टिक, फोम, वायरींचे आवरण जळताना कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निघतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणसाला पळून जाण्याचे भान येण्याआधीच त्याचे पाय लुळे पडतात. रुग्णालयात तर प्राणवायूचा पुरवठा चालू असल्यामुळे आग झपाट्याने भडकते आणि रुग्ण स्वतः उठून चालू शकत नाही. तेथे बंब दोन मिनिटांत आला, तरी उशीरच होतो. आग लागण्यापूर्वी काय केले होते, यावरच सारे ठरते. धूर निघून जाण्याची सोय, कुलूप नसलेला दुसरा जिना, वायरींवरील भार, धुराची सूचना देणारी यंत्रे आणि कोणत्या रुग्णाला कोणी उचलायचे हे ठाऊक असलेले कर्मचारी, या गोष्टी आधी हव्यात. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात इमारतीच्या मालकाने आपली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, सादर करावे असे बंधन आहे. कागदावर ही तरतूद चांगली आहे. प्रमाणपत्र भिंतीवर आणि जिन्यात खोक्यांची थप्पी, असे दृश्यही मात्र दुर्मीळ नाही. तपासणीचे काम अप्रिय असते. आग विझवणाऱ्या जवानाला लोक हार घालतात, जिना मोकळा करा म्हणून नोटीस देणाऱ्याला शिव्या देतात.

शाळांमधून होणाऱ्या प्रात्यक्षिकांत मुलांना प्रथम जमिनीवर वाकून चालायला शिकवतात ते याच कारणाने. धूर वर चढतो. जमिनीलगतच्या दीड-दोन फुटांत हवा त्यातल्या त्यात बरी असते. नाका-तोंडावर ओला रुमाल धरून, भिंतीच्या कडेने रांगत दाराकडे जायचे. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून पाहायचे. गरम लागले, तर पलीकडे आग आहे. उद्वाहन वापरायचे नाही. कपड्यांनी पेट घेतला, तर धावायचे नाही, कारण धावल्याने वारा लागतो. जागच्या जागी थांबून, तोंडावर हात घेऊन जमिनीवर लोळायचे. भाजलेल्या जागेवर वाहते साधे पाणी वीस मिनिटे धरायचे. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतले काहीही लावायचे नाही. हा शेवटचा नियम घरी जाऊन आजीला सांगताना मुलांची पंचाईत होते, असा जवानांचा अनुभव ऐकायला मिळाला, तर नवल नाही.

गृहिणींच्या सभेत प्रात्यक्षिकासाठी गॅसचे सिलिंडर आणले जाते. त्याच्या तोंडाशी पेटलेली ज्योत जवान ओल्या गोणपाटाने झाकून विझवून दाखवतो आणि मग सभेतील कोणा बाईंना पुढे बोलावतो. पहिल्यांदा कोणी उठत नाही. एक उठली, की मग रांग लागते. स्वयंपाकाचा वायू मुळात वासहीन असतो; गळती लक्षात यावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली, ओट्याखाली आणि मोरीत साचतो. वास आला, की विजेचे कोणतेही बटण दाबायचे नाही, चालू असलेले बंदही करायचे नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडायच्या आणि घराबाहेर जाऊन फोन करायचा. कढईतले तेल पेटले, तर पाणी न घालता शेगडी बंद करून वर झाकण किंवा पिळलेले ओले फडके टाकायचे. गुढियारीच्या भांडारात फेसाने जे केले, तेच घरच्या ओट्यावर झाकण करते.

या साऱ्या कामात जवान स्वतः किती सुरक्षित असतो? ९ ऑक्टोबर २०१८ रोजी रायपूरपासून जवळच असलेल्या भिलाई पोलाद कारखान्यात वायूवाहिनीच्या देखभालीचे काम चालू असताना आगीचा भडका उडाला. अनेकांचा बळी गेला. त्यांत कारखान्याच्या अग्निशमन दलातील कर्मचारीही होते. मुंबईच्या काळबादेवीत ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास या जुन्या इमारतीला लागलेली आग विझवताना इमारत कोसळली. महेंद्र देसाई, संजय राणे, सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. दलाचा प्रमुखच आगीच्या तोंडाशी उभा होता, ही बाब या पेशाबद्दल पुष्कळ सांगून जाते. जवानाच्या पाठीवरील श्वसनयंत्रात सुमारे अर्ध्या तासाची हवा असते. आत जाण्याचा वेळ, शोधण्याचा वेळ आणि परत येण्याचा वेळ हे तिन्ही त्यातच बसवायचे असतात. म्हणून आत जाणारे नेहमी जोडीने जातात आणि बाहेर एक जण घड्याळ व फळा घेऊन उभा असतो. कोण किती वाजता आत गेले, हे तो खडूने लिहितो आणि वेळ भरत आली, की त्यांना बाहेर बोलावतो. माणसे कमी असली, की पहिल्यांदा हाच मनुष्य कमी केला जातो.

आग विझल्यावर बघे पांगतात. बंब केंद्रावर परत येतो, पण काम संपलेले नसते. भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या नळ्या धुऊन उंच मनोऱ्यावर उभ्या टांगतात. ओल्या गुंडाळल्या, तर त्या आतून कुजतात आणि पुढच्या आगीत दाबाखाली फुटतात. टाकी पुन्हा भरली जाते, श्वसनयंत्रांची नळकांडी बदलली जातात, इंधन तपासले जाते. वहीत वर्दीची वेळ, निघण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ लिहिली जाते. पाळी बदलते. येणारे सहा जण गाडीभोवती फिरून एकेक साहित्य हाताने मोजून घेतात: नळ्या, तोट्या, कुऱ्हाड, दोर, शिडी. जाणाऱ्या पथकाचा प्रमुख वहीवर सही करतो आणि गाडीची किल्ली जागेवरच ठेवतो.